चार बोटं कुणाची

थोरलीच्या घरात डिझेल बोटांनी मोजत. ट्रॅक्टरच्या टाकीत सरळ काठी घालायची, बाहेर काढायची आणि ओल्या भागावर बोटं आडवी लावायची. चार बोटं भरलं तर घरासमोरच्या पट्टीत नांगराचे चार फेरे होतात, हा थोरलीचा हिशेब. पेट्रोलपंपांना कुलपं लागून तिसरं वर्ष होतं. धान्य देऊन कुठून तरी डबाभर डिझेल मिळे, त्यावर शेत चाले. आकड्यांशी तिचं जन्माचं वाकडं, पण या बोटांनीच घर तगलं होतं. काठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. "मी मेले की मोजा," ती म्हणायची.

त्या दुपारी मात्र तिचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, आणि टेकडीवरून धूर उतरत होता.

आधी पांढरा, मग पिवळा, मग काळा. वारा सरळ घराकडे. टेकडीपासून अंगणापर्यंत कमरेएवढं वाळकं गवत उभं. बंब बोलवायचा तर कुठून? उपाय एकच होता. गवत आणि घर यांच्यामध्ये नांगरून उघड्या मातीचा पट्टा काढायचा, म्हणजे आगीला खायला काही उरणार नाही.

"सूनबाई, काठी घाल! किती आहे?"

सुनेने काठी टाकीत बुडवून वर काढली. "चार बोटं, आई!"

"मग चार फेरे होतात. काढ ट्रॅक्टर!"

सून निघाली. थोरली खांबाला धरून उभी राहिली. तिचा दीर तेवढ्यात पिकअपमध्ये जाऊन बसलाही होता, मांडीवर कोंबड्यांचं खुराडं घेऊन. या गाडीला घरात 'पळायची गाडी' म्हणत. तिच्या टाकीतल्या डिझेलला शेतासाठी कुणी शिवायचं नाही, असा नियम होता.

"वहिनी, बसा लवकर! सुनेला हाक मारा, निघू!"

"नांगर धरायचा तर तुमची कंबर धरते भाऊजी, आणि पळायला बरी सुटते!"

बोलली खरी, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घरात कणगीभर बियाणं होतं. ते जळलं की पुढचा पेरा संपला. आणि पळायचं तर कुठे? रस्त्याला लागले ते कुणी परत आले नव्हते. तिचा मुलगाही नाही.

पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्यात, पार लांबच्या टोकाला, ट्रॅक्टर खोकला, दोनदा अडखळला आणि बंद पडला. इंजिनाचा आवाज थांबला तसा दुसरा आवाज ऐकू आला. तडतड, तडतड. आग टेकडीच्या पायथ्याला आली होती.

"आई, डिझेल संपलं!"

"संपेल कसं? चार बोटं होतं ना?"

"होतं! मीच लावून बघितली!" सुनेने लांबूनच हात वर केला.

थोरलीने तो हात पाहिला. शेंगांसारखी बारीक बोटं तिच्या डोळ्यांपुढे आली. मग स्वतःचा पाहिला. मुळ्यासारखी जाड, आयुष्यभर राबून फुगलेली बोटं. तिची चार म्हणजे सुनेची सहा. चार बोटं म्हणजे कुणाची, हे तीन वर्षांत तिने सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर काठी दुसऱ्याच्या हातात गेली असती ना!

ती लंगडत पिकअपकडे गेली. टाकीचं झाकण उघडलं, नळी घातली आणि तोंडाने ओढली. डिझेल जिभेवर आलं तशी नळी डब्यात सोडली आणि थुंकली.

"वहिनी! हे काढलं तर पळायचं कशात?"

"पायांनी! देवाने दोन दिलेत तुम्हाला, अजून कोरे आहेत!"

डबा घेऊन ती नांगरलेल्या ढेकळांतून निघाली. पावलागणिक गुडघ्यात सुरी फिरत होती. धुराने सून दिसेनाशी झाली, मग दिसली, मग पुन्हा नाही. आपल्या हाताने पोरीला आगीच्या तोंडी दिलं, एवढंच थोरलीच्या डोक्यात घुमत होतं.

"आई, तुम्ही कशाला आलात!"

"ओत आधी, रड मागून!"

डिझेल ओतलं. पण कोरड्या नळ्यांनी हवा घेतली होती; ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होणार नव्हतं. सुनेने फिल्टरचा स्क्रू सैल केला, थोरलीने इंजिनावरचा हातपंप दाबला. फेस आला. पुन्हा फेस. गवतातून ससे त्यांच्या पायांवरून पळाले. शेवटी बुडबुड्यांशिवाय धार आली आणि सुनेने स्क्रू आवळला. बॅटरीत इंजिन फिरवायला दोनच दम होते. पहिला दम नुसती घरघर करून गेला.

"मेल्या," थोरली ट्रॅक्टरला म्हणाली, "पोटच्या पोरासारखं पाजलंय तुला." आवाज मात्र रडका निघाला.

दुसऱ्या दमाला इंजिन सुरू झालं.

थोरली मडगार्डवर बसली, सुनेच्या खांद्यात बोटं रुतवून. तिसरा फेरा पुरा झाला. चौथ्याला भुवया होरपळल्या. ठिणग्या पट्टा ओलांडून अंगणात पडू लागल्या, आणि तिथे भिजलं पोतं घेऊन त्या झोडपत कोण होतं, तर दीर! मागे कोंबड्या मोकाट.

आग मातीपाशी आली, वाकली, इकडे तिकडे चाटत राहिली आणि बाजूच्या ओढ्याकडे वळली.

दूर पलीकडच्या टेकडीवर अजून एक धूर होता. वारा तसाच होता, आणि पळायची गाडी रिकामी.

"किती उरलं?" दिराने विचारलं.

सुनेने काठी टाकीत घालून काढली आणि सासूपुढे धरली. थोरलीने बोटं लावली. सुनेने तो जाड हात आपल्या हातात घेतला, काठीवर दाबून धरला आणि विळ्याने पहिल्या बोटाखाली खाच पाडली. मग दुसऱ्याखाली.

"खोल पाड," थोरली म्हणाली. "आंधळ्यालाही कळली पाहिजे."