नऊ सेकंद

“नाव कमी करायचा अर्ज कुठे मिळतो तेवढं सांगा, म्हणजे मी जाते,” हेझल म्हणाली. समोर खुर्ची होती, तरी ती बसली नाही.

विद्यापीठात तिला शिकवणाऱ्या डॉ. पॅरींनी चष्मा कपाळावर चढवला. त्या वेल्सच्या, हेझलपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यावर अर्धं सफरचंद.

“अर्ज खाली ऑफिसात मिळतो. पण झालंय काय?”

“माझ्या नवऱ्याची वाचा गेली,” हेझल म्हणाली, आणि मग मात्र तिला बसावंच लागलं.

हेझल टॉमलिन्सन छप्पन्न वर्षांची होती. इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरातल्या एका मासळीच्या कारखान्यात तिने तेवीस वर्षं हॅडॉक माशाचे काटे काढले होते. कारखाना बंद पडला तेव्हा तिला वाटलं, आता घरी बसायचं आणि पडदे धुवायचे. विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलं ते नवऱ्याने, डेस्मंडने. तो मासळीचा ट्रक चालवायचा. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचा, कोणी नसलं तर सिग्नललाही चार शब्द सुनवायचा. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या हेझलला थेट पदवीला प्रवेश मिळणार नव्हता. पण तिच्यासारख्यांसाठी आधी एक पायाभरणीचं वर्ष होतं. ते निभावलं की इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या पहिल्या वर्षात बसता येत होतं.

“तेवीस वर्षं बर्फात हात घातलास, आता पुस्तकात घाल,” डेस्मंड म्हणाला होता. अर्जही त्यानेच भरला. ‘आवड’ या रकान्यात त्याने लिहिलं, ‘आंघोळीच्या टबात वाचते, पुस्तकं फुगतात.’

सप्टेंबर ते डिसेंबर तिने जिवाचं रान केलं. कविता मोठ्याने वाचायची लाज गेली. निबंधात आपलं म्हणणं मांडून त्याला कवितेतलाच पुरावा द्यायचा असतो, हे कळलं. वर्गातली अठरा वर्षांची पोरं तिला नावाने हाक मारायला लागली. आणि जानेवारीत एका सकाळी डेस्मंड दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला. उजवा हात लुळा पडला. ऐकलेलं सगळं समजत होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत होते.

“घरी आल्याला तीन आठवडे झाले,” हेझल म्हणाली. “दिवसभर त्याचं बोलणं मीच पुरं करते. त्याला एकट्याला टाकून इथे कवितेवर काय बोलू मी?”

डॉ. पॅरींनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, “भाषेच्या पेपरचं एक काम राहिलंय तुमचं. दोन माणसांचं दहा मिनिटांचं बोलणं टेप करायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. थांबलेले क्षणसुद्धा, सेकंद मोजून. तेवढं करा, मग ठरवा. त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याबरोबरच करा.”

“नवऱ्याला प्रयोगाला बसवू?”

“त्यांना विचारा. नको म्हणाले तर नको.”

हेझल रागातच घरी आली. तरी चहा पिताना तिने डेस्मंडसमोर टेप करायचं संमतीपत्र ठेवलं. त्याने ते बारीक अक्षरांसकट वाचलं, पेन डाव्या हातात धरलं आणि आपलं पूर्ण नाव लिहायला घेतलं. हेझलचा हात दोनदा पुढे गेला. दोन्ही वेळा त्याने कोपराने तो बाजूला सारला.

फोन किटलीला टेकवून तिने दहा मिनिटं टेप केली. रविवारच्या जेवणाचं, शेजारच्यांच्या मांजरीचं, असंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात कोपऱ्यातल्या टेबलावर कानाला हेडफोन लावून बसली. दहा मिनिटं लिहायला सबंध दुपार जाते असं वर्गात सांगितलं होतं, ते तिला खोटं वाटलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वतःचाच आवाज तेवढा ऐकू आला. तिने लिहिलं:

हेझल: रविवारी काय करू? मटण की कोंबडी?
(दीड सेकंद)
डेस्मंड: म
हेझल: मटण. बरं.

टेपवर ‘बरं’च्या पुढे एक बारीक आवाज होता. तिने तो आधी सोडून दिला होता, घशातली खरखर म्हणून. नियम आठवून तिने पुन्हा ऐकलं. चौथ्या वेळेला ती खरखर राहिली नाही. तो ‘म’च होता, पुन्हा काढलेला. त्याच्या मागे ओठ गोल झाल्यासारखा स्वर होता, आणि त्यावर तिचा आवाज चढला होता: ‘बटाटे भाजेन बरोबर.’

हेझल पुढे ऐकत गेली. मागे घेई, ऐके, लिही. खिडकीबाहेर उजेड ओसरला तेव्हा तिच्यापुढे अकरा पानं होती. डेस्मंडने दहा मिनिटांत एकतीस वेळा बोलायला सुरुवात केली होती. त्यातली दोन वाक्यं तिने पुरी होऊ दिली होती. ती जास्तीत जास्त थांबली ती दोन सेकंद. आणि तो? तिचं बोलणं संपल्याशिवाय त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. शब्द गेले होते, पण बोलण्याची रीत त्याने सोडली नव्हती. ती सोडली होती हेझलने, आणि तिला वाटत होतं की आपण मदत करतोय.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. डेस्मंडसमोर खुर्ची ओढली.

“डेस, काल रविवारचं विचारलं, तेव्हा तू मटण म्हणत नव्हतास ना?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग काय म्हणत होतास?”

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ग्रंथालयात मोजले तसे सेकंद मोजायला लागली. तीन. डेस्मंडचे ओठ मिटले, उघडले. पाच. कपाळावरची शीर उभी राहिली. आपण काहीच न बोलणं इतकं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. सात. आठ.

“मॉड,” डेस्मंड म्हणाला. आणि मग श्वास घेऊन, “मॉडला... बोलव.”

मॉड म्हणजे त्याची थोरली बहीण. तो आजारी पडल्यापासून ती फोन करत होती, आणि हेझल तिला सांगत होती की त्याला इतक्यात कोणी भेटायला नको आहे.

“तीन आठवडे मी तुझ्या तोंडचे शब्द काढून घेतेय,” हेझल म्हणाली.

“नेहमीच,” डेस्मंड म्हणाला. हा शब्द मात्र अजिबात न अडखळता आला, आणि त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की तो हसायला लागला. वाकड्या ओठांनी, खांदे हलवत. हेझलही हसली, आणि रडली.

रविवारी मॉड आली. तिलाही हेझलने थांबायला शिकवलं. मॉडला ते जेवण होईपर्यंत जमलं नाही, पुडिंगच्या वेळेला जमलं.

अर्ज आणायला हेझल ऑफिसात गेलीच नाही. तिने महिन्याभराने पुन्हा दहा मिनिटं टेप केली आणि दोन्ही संभाषणं शेजारी शेजारी मांडून काम पुरं केलं. डॉ. पॅरींनी खाली पेन्सिलने लिहिलं, ‘हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडून शिकले.’ डेस्मंडला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीही एक प्रत मागून घेतली.

जूनमध्ये निकाल लागला. हेझल पास झाली. ती डॉ. पॅरींच्या खोलीत आभार मानायला गेली. बसमध्ये तिने वाक्य ठरवलं होतं, चांगलं लांबलचक. पण दारात उभी राहिली आणि एकही शब्द सापडेना. डॉ. पॅरी उठल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या. ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत, ‘कळलं’ म्हणाल्या नाहीत. नुसत्या थांबल्या.

“तुमच्यामुळे आमच्या घरात पुन्हा दोघं बोलतात,” हेझल शेवटी म्हणाली.

सप्टेंबरात पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी डेस्मंडने हट्ट धरला की मीही येणार, दारापर्यंत. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, केस ओले करून विंचरले. बस आली तेव्हा तो काठी टेकत हेझलच्या आधी चढला. मागे पाच-सहा जणांची रांग होती.

“कुठे?” ड्रायव्हरने विचारलं. नवा होता, ओळखीचा नव्हता.

डेस्मंडने तोंड उघडलं. काही आलं नाही. मागे कोणीतरी घसा खाकरला. ड्रायव्हरने त्याच्या खांद्यावरून हेझलकडे पाहिलं, बाईंनी सांगावं म्हणून. हेझल काचेवरून फिरणाऱ्या वायपरकडे बघत राहिली. ड्रायव्हरला काय समजलं कोण जाणे, त्याने स्टीअरिंगवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

“दोन,” डेस्मंड म्हणाला. “विद्या... पीठ.”

यंत्रातून तिकिटं बाहेर आली. डेस्मंडने ती डाव्या हाताने घेतली, पण तो हलला नाही. त्याचं बोलणं संपलं नव्हतं. सगळी बस थांबली होती.

“ती,” तो म्हणाला, आणि काठीच्या मुठीने मागे हेझलकडे दाखवलं. “पहिल्या... वर्षाला आहे.”