साडेचार बोटांचा डोंगर

त्याला सगळा कारखाना साडेचार म्हणायचा. काच घासायच्या मशीनने तरुणपणी त्याच्या उजव्या अनामिकेचं टोक नेलं होतं, आणि पाचातून अर्धं वजा करायला कारखान्यात कुणाला वेळ लागला नाही. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटून घ्यायला त्याच्याकडे साडू होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साडेचारनेच त्याला इथे चिकटवला, आरशाची काच पॉलिश कशी करायची तेही साडेचारनेच शिकवलं. आणि आता? साडूच्या घराला गच्ची, साडेचारच्या घराला खिडकी. साडूचे केस अजून जागेवर. सासरेबुवा दारात साडेचारला 'या' म्हणत आणि साडूला 'या या'. तो जास्तीचा 'या' साडेचार अकरा वर्षं मोजत आला होता.

अशात त्यांच्या विभागाचे प्रमुख निवृत्त व्हायला आले. मालकांनी जाहीर केलं : प्रकाश मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेला जेवणाच्या ताटाएवढा सपाट आरसा हवाय, दोघांनी एकेक करा. ज्याचा सरस तो प्रयोगशाळेत जाईल, आणि करणारा प्रमुखांच्या खुर्चीत.

"खुर्ची दादांचीच," साडू सगळ्यांदेखत म्हणाला. साडेचारला ते भयंकर झोंबलं. माणसाने निदान हावरट तरी असावं!

खरी पंचाईत तपासणीची होती. पूर्वी पारखायची काच आरशावर ठेवायची, पिवळ्या दिव्याखाली उजेडा-अंधाराचे पट्टे उमटायचे, आणि साडेचार एक डोळा मिटून पट्टा कुठे वाकला ते सांगायचा. त्याचा शब्द शेवटचा. वर्षापूर्वी मात्र लेसरचं नवं यंत्र आलं. ते म्हणे केसाच्या जाडीचे दोन हजार भाग करून त्यातल्या एका भागाएवढा उंचवटाही पकडायचं. यंत्र शिकवायला तीन दिवस माणूस आला होता. साडू वही घेऊन पहिल्या रांगेत बसला. तेवढ्यावरूनच साडेचार तिन्ही दिवस कॅन्टीनमध्ये बसला. "वजनकाटाच तो," तो तिथे सांगत होता, "काच ठेवायची, आकडा बघायचा. त्यात शिकायचं काय?"

या वाक्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

तपासणीच्या दिवशी दोन्ही आरसे आदल्या संध्याकाळपासून थंड खोलीत निवायला ठेवलेले. खोली तपासणीच्या बाईंची. बाई कमी बोलत, आणि बोलत ते आकडे. पडद्याकडे तोंड करून त्या बसल्या. साडेचार मुद्दाम यंत्राच्या मागे उभा राहिला. पडद्यात डोकावणं त्याच्या शानेत बसत नव्हतं.

"साडेचारभाऊ, तुमचा आरसा. सगळ्यात मोठी चूक दोन भाग. फारच छान."

साडेचार फुगला. बाईंनी साडूचा आरसा यंत्राखाली आडवा ठेवला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून त्या बाहेर गेल्या. साडूही तपासणीचा फॉर्म आणायला गेला. खोलीत उरले दोघे, साडेचार आणि साडूचा आरसा.

त्याने तिरकं होऊन, एक डोळा मिटून काचेवर नजर फिरवली. तीस वर्षं मुरलेला डोळा. त्या नालायकाला खोटं बोलता येईना. आरसा सरस होता.

काच हाताच्या उबेने फुगते, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. साडूला ते त्यानेच शिकवलं होतं, एक फटका देऊन. आता त्याने हातात सुती मोजा चढवला, पंजा साडूच्या आरशावर अलगद टेकवला, आणि साठपर्यंत मोजलं. वर सासरेबुवांच्या त्या जास्तीच्या 'या'चे दहा. बाईंची पावलं वाजली तेव्हा तो यंत्राच्या मागे, हात पाठीशी बांधून, देवमाणसासारखा उभा होता.

मागोमाग साडूही आला. बाईंनी बटण दाबलं. मग त्या पडद्याकडे वाकल्या.

"किती भाग?" साडेचारने न राहवून विचारलं.

"पाच. पण तुम्ही जरा इकडे या."

तो गेला. आणि त्याला कळलं, की हा वजनकाटा नव्हे. पडद्यावर आख्खा आरसा नकाशासारखा पसरला होता : खोलगट तिथे निळा, उंच तिथे लाल. निळ्याशार सपाटीच्या मधोमध एक लालभडक हात होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. आणि अनामिका अर्ध्यावर तुटलेली.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग साडेचारच्या खिशाकडे, कारण हात आता तिथे होता.

"माझा हात लागला असेल," साडू म्हणाला. "मघाशी बघत होतो."

"तुमचा?"

"हो. असा." त्याने उजवा पंजा पुढे केला, अनामिका पेरातून दुमडून.

बाईंनी तो दुमडलेला पंजा बराच वेळ बघितला. "दोघांनीही हात खिशात घाला," त्या म्हणाल्या, "आणि बसा. काच निवू दे."

दोघं शेजारी शेजारी बसले. दर पाच मिनिटांनी बाई बटण दाबत, आणि पडद्यावरचा हात विरघळत जाई. आधी बोटांची टोकं, मग बोटं. तळवा सगळ्यात शेवटी गेला.

"दादा, थंडी वाजतेय का?" साडूने हळूच विचारलं.

"गप बस."

तासाभराने पडदा एकसारखा निळा झाला. "एक भाग," बाई म्हणाल्या. फॉर्मवर त्यांनी साडूच्या नावापुढे लिहिलं : 'हाताळणीत चूक, परिणाम नाही.' आरसा प्रयोगशाळेत गेला, साडू खुर्चीत. घरी पोचेपर्यंत बायकोला धाकट्या बहिणीचा फोन येऊन गेलेला. "भाऊजी किती साधे हो," बायको म्हणाली, "म्हणतात, दादांनीच शिकवलं म्हणून." साडेचार न जेवता झोपला. पकडला गेल्याचं दुःख एकवेळ पचलं असतं. वाचवला गेल्याचं पचेना.

बाईंनी ते लाल हाताचं चित्र मोठं छापून, काचेच्या चौकटीत घालून तपासणीच्या खोलीबाहेर लावलं. खाली ओळ : 'काचेला हात लावू नये.' नाव कुणाचंच नाही. लोक जाता-येता बघत, गालात हसत. महिनाभर साडेचार उजवा हात खिशात घालून हिंडला. सहीसुद्धा डाव्या हाताने करायला लागला.

मग एके दिवशी प्रयोगशाळेचे पाहुणे आले. चित्रापाशी थबकले.

"वा! काय स्पष्ट आलाय हात! प्रत्येक बोट सुटं. कुणाचा हा?"

"आमच्या प्रमुखांचा," मालक कौतुकाने म्हणाले. कागदावर तसंच होतं ना.

"हात लावतानासुद्धा काय एकसारखा दाब! जरा हलला असता तर सगळं फिसकटलं असतं. अहो, ही कारागिराची बोटं!" पाहुण्यांनी साडूचा हात हातात घेऊन दाबला.

साडू कसनुसा हसला. मागे उभ्या साडेचारने गच्ची सोसली होती, केस सोसले होते, खुर्ची सोसली होती. पण हे?

"हात माझा आहे!" तो ओरडला.

सगळे वळले. साडू डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होता. पण साडेचारने महिनाभर कोंडलेला पंजा खिशातून बाहेर काढला, गर्दीतून वाट काढली, आणि तो चौकटीच्या काचेवर दाबून धरला.

"बघा. मोजून घ्या. हा माझा, तो नाही! सत्तर आकडे मोजेपर्यंत हललो नाही मी!"