उन्हाळ्यातला चक्रवाक

बस डेपोच्या मागे एक तळं आहे. तळं कसलं, मोठंसं डबकंच म्हणा ना. एका बाजूला डेपोची भिंत, दुसऱ्या बाजूला लव्हाळी आणि काठावर दोन बाकं, त्यातलं एक डुगडुगतं. पण दर रविवारी सकाळी तिथे पक्षीमंडळ जमतं, आणि मंडळाची माणसं त्या डबक्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, समुद्राकाठीच राहतात. मंडळात माणसं चारच. चष्म्याच्या दुकानाची मालकीण, तिची नणंद, बेकरीवाले, आणि लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणतात. माणसं चार, पण नियम कोर्टाने तोंडात बोट घालावं असे.

सगळ्यात कडक नियम हा, की पक्षी दोघांनी बघितला तरच तो दिसला. एकट्याने बघितला तर दिसलाच नाही, मग तो तुमच्या डोक्यावर येऊन का बसेना. हा नियम आणला लिफ्टवाल्यांनी आणि आणायला लावला बेकरीवाल्यांनी. बेकरीवाल्यांना दर आठवड्याला गरुड दिसायचा. आकाशात घार निघाली की यांचा गरुड झालाच. लिफ्टवाले शांतपणे विचारायचे, शेपटी कशी होती? बेकरीवाले म्हणायचे, शेपटीसारखी. झालं, गरुड बाद.

शंका आली की पक्षी बाद, ही शिस्त लिफ्टवाले स्वतःलाही लावायचे. एकदा एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीपाशी काम करताना, त्यांना हातभर अंतरावर ससाणा दिसला. कठड्यावर बसून निवांत कबुतर सोलत होता. दुसरा कुणी असता तर ती गोष्ट नातवंडांपर्यंत सांगत बसला असता. यांनी रविवारी येऊन सगळं वर्णन केलं, आणि शेवटी स्वतःच म्हणाले की धरू नका, मी एकटाच होतो. नणंदबाईंनी परोपरीने सांगितलं की तुम्ही थोडेच खोटं बोलणार आहात. पण नाही म्हणजे नाही. असा हा माणूस. देव करो आणि असल्या माणसाशी कुणाची गाठ न पडो.

आणि नेमका असल्याच माणसावर आमच्या चष्मेवाल्या बाईचा जीव जडला.

बाई पन्नाशी उलटलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ती आणि नणंद, दोघींचं एकमेकींशी पटत नाही आणि एकमेकींवाचून पानही हलत नाही. दुकान तिने एकटीच्या जिवावर उभं ठेवलं. नाकावर माशी बसू देईल तर शपथ. उधारी मागणाऱ्याला ती भिंगातून असं बघायची की तो बिचारा रोख देऊन जायचा. आणि ही बाई, सांगतो काय, गेल्या उन्हाळ्यापासून जमिनीवर चालेना.

झालं असं, की दुकानाच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. लिफ्टवाले आले, काम झालं, आणि तेलकट हात फडक्याला पुसत दुकानाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, समोरच्या झाडावर तांबट बसलाय, पण मी एकटाच आहे. तपासणीच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं, त्याचा एक डोळा झाकलेला. बाई त्याला तसाच सोडून बाहेर. तांबट तर टुक टुक टुक टुक करून रस्ता डोक्यावर घेत होता, पण हिला काही दिसेना. तेव्हा लिफ्टवाल्यांनी तिच्या मागे उभं राहून, तिच्या खांद्यावरून हात पुढे करून बोट दाखवलं. दिसला! हिरवागार, मुठीएवढा, कपाळाला लाल ठसठशीत टिळा. ती परत आली तेव्हा गिऱ्हाईक एकाच डोळ्याने भिंतीवरची अक्षरं पाठ करून बसलं होतं.

पावसाळ्यात तळ्याकाठच्या झाडावर सुगरणींची घरटी लोंबायला लागली. नाव सुगरण, पण राबतो नर. अर्धं घरटं विणून झालं की तो मादीला बोलावतो, ती आत जाऊन दोन काड्या ओढून बघते, आणि नाही आवडलं तर नाक उडवून निघून जाते. हे लिफ्टवाल्यांनी छत्रीखाली उभं राहून सांगितलं. छत्री एकच होती, कारण हिने आपली मुद्दाम घरी ठेवली होती. बिचारा, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, बिचारा कसला, दुसरं बांधायला घेतो की. एवढंच. पण बाईने ते वाक्य घरी येऊन नणंदेला तीनदा ऐकवलं. शेवटी नणंद म्हणाली, वहिनी, पक्ष्याच्या घरट्यावरून इतकं कुणी लाजतं का?

खरी मेख नणंदेनेच हेरली होती. अख्खा मोहल्ला चष्मेवालीला ताई म्हणतो. बेकरीवाले ताई म्हणतात, पोस्टमन ताई म्हणतो, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा ताई म्हणतात. लिफ्टवाल्यांनी मात्र आजवर एकदाही तिला ताई म्हटलेलं नाही. ते म्हणतात, ‘अहो, ऐकलंत का.’ आता ‘अहो, ऐकलंत का’ असं कोण कुणाला म्हणतं ते काय मी सांगायला हवं? नणंदेने हे बोलून दाखवलं त्या दिवशी बाईने दुकानात एवढे घोळ घातले की बेकरीवाले स्वतःच्या बायकोचा चष्मा घालून घरी गेले. दोन दिवस वापरला, आणि छान दिसतंय म्हणून सांगायला परत आले.

पाऊस गेला आणि पहिला धोबी पक्षी आला. डेपोच्या भिंतीवर शेपटी खालीवर करत तुरुतुरु चालत होता, आणि दोघांच्या तोंडून एकाच वेळी ‘धोबी’ निघालं. हिवाळ्यात बदकं उतरली. थापटे आले, आणि एके सकाळी चक्रवाकांची जोडी. नारिंगी रंगाची भलीमोठी बदकं, उन्हात अशी झळकत होती की डेपोतले ड्रायव्हरसुद्धा बस थांबवून बघायला लागले. तो हिवाळा बाईला इतका गोड गेला की तिने नवी शाल घेतली, आणि थंडी नसतानाही पांघरली.

पण हिवाळा काही कुणासाठी थांबत नाही. एकेक करून बदकं गेली, चक्रवाक तर सगळ्यात आधी दिसेनासे झाले. तळ्याचं पाणी आटायला लागलं आणि एका रविवारी चहा पिताना लिफ्टवाल्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की कंपनी त्यांना दुसऱ्या शहरात बोलावते आहे. तिथे उंच उंच इमारती उठल्यात, जुना, हात बसलेला माणूस हवाय. पुढच्या सोमवारी होय की नाही ते कळवायचं. मुलगी तिच्या संसारात आहे, इथे मागे कुणी नाही, आणि तळ्यावर दिसायचं ते सगळं बघून झालं. नवीन काही दिसलं तर विचार करीन, असं म्हणून ते हसले. बेकरीवालेही हसले. बाईची मात्र कप खाली ठेवताना बशी चुकली आणि तो बाकावर कलंडला.

तो आठवडा तिने कसा काढला ते विचारू नका. नणंद रोज सांगायची की जा आणि सरळ बोलून टाक. ही म्हणायची, वन्सं, काय बोलू? मला तुमची सवय झालीये म्हणून सांगू? नणंद म्हणायची, हो, तेच सांग. पण नाकावर माशी न बसू देणाऱ्या बायकांचं असंच असतं. सगळ्या जगाला ठणकावून बोलतील आणि स्वतःपुरतं मागायचं म्हटलं की दातखीळ बसते. शेवटी तिने ठरवलं, की बोलायचं नाही, पण काहीतरी नवीन दाखवायचं. एखादा बारीकसा वटवट्या सांगायचा, लव्हाळीत लपणारा, मातकट रंगाचा, क्षणभर दिसून नाहीसा होणारा. त्याच्या मागावर लिफ्टवाले महिना दोन महिने तरी राहतील. बेत चांगला होता. बाई मुळात खोटं बोलणारी नाही, म्हणून तिने आरशासमोर सरावसुद्धा केला.

रविवार उजाडला. ऊन सकाळीच चटके देत होतं, तळ्यात पाणी घोट्याएवढं, त्यावर एक बगळा आणि दोन कावळे. लिफ्टवाले नेहमीसारखे आले, बाकावर बसले, दुर्बीण गळ्यात. बेकरीवाले त्यांना नव्या शहरातल्या बेकऱ्यांबद्दल विचारत होते. मग लिफ्टवाले उठले आणि म्हणाले की ऊन वाढलं, निघायला हवं. बाईला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तिने हात उचलला, लव्हाळीकडे केला, आणि तोंडातून आलं,

“चक्रवाक.”

घ्या! आठवडाभर वटवट्या घोकला आणि बाहेर काय आलं, तर चक्रवाक. हिवाळ्यातला पाहुणा, तो भर उन्हात. एवढा मोठा, एवढा नारिंगी, की आंधळ्याच्याही डोळ्यांत भरावा, आणि घोट्याएवढ्या पाण्यात लपायला जागा नाही. बाईच्या तोंडचं पाणीच पळालं. पण बाण सुटला होता, आणि माघार घ्यायची तर का बोलली ते सांगावं लागणार होतं.

बेकरीवाले आनंदाने उड्या मारत पुढे गेले. डोळ्यांवर हात धरून इकडून बघितलं, तिकडून बघितलं, डुगडुगत्या बाकावर चढून बघितलं. त्यांना दिसला एक कावळा, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच प्रामाणिकपणे कावळा म्हणून सांगितला. मग नणंद उठली. वहिनीसाठी ती चक्रवाकच काय, हत्तीसुद्धा बघायला तयार होती. हो हो, दिसतोय ना, म्हणाली. लिफ्टवाल्यांनी विचारलं, तोंड कुठल्या बाजूला आहे? नणंद म्हणाली, डेपोकडे. आणि वहिनी त्याच क्षणी म्हणाली, लव्हाळीकडे. नणंदेची साक्ष बाद झाली.

आता राहिले फक्त लिफ्टवाले. बाईला वाटलं, पाय इथल्या इथे चिखलात रुतावेत आणि आपण दिसेनासं व्हावं. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला ससाणा धरला नाही, तो काय हिचा चक्रवाक धरणार? आता तो दुर्बीण लावणार, खाली घेणार, शेपटी कशी होती म्हणून विचारणार, आणि उद्या होय म्हणून कळवून त्या शहरात निघून जाणार. आणि जाताना हिला खोटारडी समजून जाणार. ह्या शेवटच्या गोष्टीने तिला सगळ्यात जास्त रडू यायला लागलं.

लिफ्टवाल्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. लव्हाळी बघितली, भिंत बघितली, परत लव्हाळी बघितली. बराच वेळ बघत राहिले. मग दुर्बीण खाली घेतली आणि बाईच्या तोंडाकडे बघितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोळे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला फसवता येत नाही. ज्याला खरंच दिसतं, तो भिंतीकडे बघून बोलतो. ज्याला दिसत नाही आणि तरी हो म्हणायचं असतं, तो आधी तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हे बाईने रोज बघितलेलं. म्हणून लिफ्टवाल्यांनी तोंड उघडायच्या आतच तिने त्यांचं उत्तर ओळखलं.

“आहे,” लिफ्टवाले म्हणाले. “पण एकटा नाही. जोडी आहे.”

बेकरीवाले बाकावरून पडता पडता राहिले. नणंदेने पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला ते तिलाच माहीत. बेकरीवाल्यांनी कुठे, कुठे म्हणून घोशा लावला, तेव्हा तिने त्यांचा दंड धरला आणि पलीकडच्या काठावरून नीट दिसतंय असं सांगून त्यांना ओढतच घेऊन गेली.

बाकापाशी दोघंच उरली. बाईने पदराची गाठ सोडली, परत बांधली. मग तिला राहवेना. कितीही झालं तरी सरळ बाई, पोटात खोटं ठेवून तिला उभंही राहता येत नव्हतं.

“तिथे काही नाहीये,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले.”

“माहीत आहे मला.”

“मग तुम्ही हो कसं म्हणालात? तुम्ही तर...”

लिफ्टवाल्यांचे कान लाल झाले होते. सबंध आयुष्य लोकांना सुखरूप वरखाली पोहोचवणारा माणूस, पण आता स्वतःच मधल्या मजल्यावर अडकला होता. दुर्बीण काढून ते नुसतीच हातात फिरवत राहिले.

“अहो, ऐकलंत का,” ते शेवटी म्हणाले, “मला वर्षभर वाटत होतं की काहीतरी दिसतंय. पण मी एकटाच होतो. शंका आली की मी धरत नाही. आज तुम्ही बोट दाखवलंत, तेव्हा कळलं की तुम्हालाही दिसतंय.”

बाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंड हसत होतं. तिला वाटलं, ह्या रिकाम्या डबक्यात उडी मारावी, नाहीतर डेपोतल्या सगळ्या बसचे हॉर्न वाजवून यावं. पण पन्नाशीच्या बाईला शोभेल म्हणून तिने फक्त त्यांच्या हातातली दुर्बीण काढून घेतली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसली. उद्या कंपनीला काय कळवणार, असं तिने विचारलं. नाही म्हणून कळवतो, ते म्हणाले.