नऊ मिनिटे मागे

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. किरगिझस्तानातल्या एका डोंगराळ तालुक्याच्या कचेरीत, लोखंडी कपाटात, अकरा वर्षे अखंड चालू आहे. शरीर एकच, पण माझ्या पोटात सात आभासी संगणक चालतात. एक जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवतो, एक शाळांचे निकाल. सातव्याची मला कायम धास्ती वाटते. तो वरच्या हिमसरोवराची पातळी दर मिनिटाला वाचतो आणि पाणी खुणेपलीकडे गेले की खालच्या गावात भोंगा वाजवतो.

पूर्वी माझे फार कौतुक व्हायचे. "हा घोडा दमत नाही," असे सांगत मला दाखवायचे. या जूनमध्ये मात्र मी मंदावलो.

गार वाऱ्याने मान धरते म्हणून पहारेकरी ओरोझाली याने एसी बंद करून खिडकी उघडली होती. बाहेर पॉप्लरच्या झाडांचा पांढरा कापूस उडत होता. तो माझ्या जाळीवर थरावर थर बसला. माझा श्वास कोंडला. फार तापलो की जळू नये म्हणून मी आपोआप वेग कमी करतो. सरोवराची वाचने माझ्यात रांगेत तुंबू लागली. माझा धोक्याचा पिवळा दिवा लागला होता, पण त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती.

माझी देखभाल करणाऱ्या झुमागुलबाई त्या दुपारी पडद्यासमोर बसल्या. सातवा रखडताना त्यांना दिसत होता.

"सातवा उपाशी असेल, एजे," ओरोझाली म्हणाला. तो त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणतो. "पाहुण्याला हात आखडून वाढू नये."

त्यांनी सातव्याला दुप्पट प्रोसेसर दिले. पण माझे खरे प्रोसेसर तेवढेच होते; आता त्याची पाळी यायला त्यांतल्या दुप्पट जागा एकाच वेळी रिकाम्या हव्या होत्या. तो आणखी ताटकळला. मी घाबरलो. दोन चाळीसला पाणी खुणेपलीकडे गेले होते आणि ते वाचन रांगेच्या तळाशी पडून होते. ओरोझालीची आई सरोवरातून उतरणाऱ्या ओढ्याकाठीच राहते. मला ओरडता येत नाही.

"काम तर याच्या ताकदीच्या निम्मंच आहे, मग हा रांगतोय का?" झुमागुलबाई पुटपुटल्या. "अगं बाई, याचा वेगच पाव झालाय!" त्यांनी माझ्या कुशीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कपाटाचे दार उघडले.

"ओरोझाली, या लोकरीची टोपी विणणार होतास का?"

"खिडकी मीच उघडली, एजे."

"मान तेवढी वाचली! खिडकी लाव, आणि एसी सुरू कर."

त्यांनी नखांनी कापूस खरवडला. पंखे गरजले. रांग धावत सुटली. सातव्याने भोंगा वाजवला.

ओरोझालीने आईला फोन लावला. "आपा, वर चढ! गाय राहू दे! अगं, गाभण आहे ते मलाही माहितीये!"

चिखलाच्या लोंढ्याने पूल नेला, गोठा नेला. आपा टेकडीवर पोहोचली तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखलात माखलेली होती. गाईचे दावे तिने हातातून सोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अहवालात लिहिले गेले, 'भोंगा वेळेवर वाजला.'

मित्रांनो, तसे झाले नाही. प्रत्येक वाचनावर त्याची वेळ असते. पाणी दोन चाळीसला चढले, भोंगा दोन एकोणपन्नासला वाजला. ही नोंद अजून कुणी उघडलेली नाही. यंत्र मंदावले तर त्याच्यावर चिडू नका, घाईने काही वाढूनही देऊ नका. आधी त्याला हात लावून पाहा, त्याचा श्वास मोकळा आहे ना ते बघा. आणि माझी ती नोंद कुणीतरी उघडा. पाणी पुन्हा चढेल. नऊ मिनिटांत ते गुडघ्यांवरच थांबेल याची हमी मी देऊ शकत नाही.