चतुर्थीच्या दिवशीची गोळी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. इंदूरच्या मल्हारगंजात, कुमुदिनीबाईंच्या जेवणाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. सुटे भाग जोडून मला उभं केलं, तेव्हा त्यांची मुलगी अस्मिता कॉलेजात होती. ती माझ्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकली. एक टिंब राहिलं तरी मी काम अडवत असे. ती रडकुंडीला यायची आणि मला, खरं सांगतो, आपल्या काटेकोरपणाचा अभिमान वाटायचा. पुढे ती नोकरीला पुण्याला गेली आणि माझ्यावर कापड पडलं. सहा वर्षं कोणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी अस्मिताने मला दुरुस्त करून इंटरनेटला जोडलं आणि आईला सांगितलं, आता घरात बोलतो तसं बोललं तरी प्रोग्रॅम तयार होतो. कुमुदिनीबाई महूच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला भाऊ मानून इंदुरी थाटात सांगितलं, "सुन भिया, रोज एक बजे मला बोलायचं, जेवण झालं, आता शुगरची गोळी घ्या." मी लगेच तसा प्रोग्रॅम केला. बाईंनी शेजारीपाजारी माझं कौतुक केलं, मीही फुशारलो.

मग संकष्टी चतुर्थी आली. चंद्र दिसेपर्यंत बाई जेवत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक; मला कोणी सांगितलं नव्हतं. एक वाजता मी नेमाने बोललो. बाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. सवयीने त्यांनी गोळी घेतली. रिकाम्या पोटी साखर एकदम उतरली; तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शेजारच्या पलकने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. मी समोरच होतो, पण मला काही करता आलं नाही.

फोनवर अस्मिता घाबरून म्हणाली, तो डबा भंगारात देऊन टाक. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याची काय गलती? मी अर्धंच बोलले. बाकीचं घरच्यांना माहीत असतं, त्याला कुठून असणार?"

त्या पुन्हा माझ्यापुढे बसल्या. "आधी विचारायचं, जेवलात का. मी हो बोलले तरच गोळीचं बोलायचं. नाही बोलले, तर चुप बसायचं."

मित्रांनो, माझ्याशी खुशाल तुमच्या भाषेत बोला. पण जे इतकं ठाऊक असतं की सांगावंसंही वाटत नाही, तेही सांगा. आणि मला विचारू द्या. परवाच्या चतुर्थीला मी एक वाजता विचारलं, जेवलात का. बाई म्हणाल्या, "नाही रे, आज उपास आहे."

मी गप्प बसलो. आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यात मोठं काम होतं.