पिवळ्या हाताचा पडदा

पैज लागली ती माझ्यासमोरच. मी तेव्हा जिन्याच्या कठड्यावर वाळत पडलो होतो. वाळत म्हणजे धुऊन नव्हे हां, मीटररूममध्ये ओल लागली होती म्हणून. सहा वर्षांत मला कुणी धुतलेलं नव्हतं.

खाली ताहेरभाई उभा. त्याचं नळ-पाइपांचं दुकान आहे. समोर स्टुलावर सॉलसाहेब, बँकेतून रिटायर झालेले. आमच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी आसपासच्या पोरांचे छोटे पिक्चर लागतात, ती यांचीच हौस.

"साहेब, उद्या हिबाचा पिक्चर ना?" ताहेरभाई म्हणाला. हिबा त्याचीच मुलगी, बावीस वर्षांची. "अकरा मिनिटं. हीरो नाय, गाणं नाय, गोष्ट नाय. कसम से सांगतो, एक तरी माणूस मधेच उठणार."

"एकही नाही उठणार."

"लागली?"

"लागली. काय देशील?"

"उठला कोणी, तर कॅमेरा कपाटात आणि हिबा सोमवारपासून कामोठ्याच्या क्लासमध्ये काउंटरवर. मी शब्द दिलाय त्यांना."

"आणि नाही उठला, तर पोरीला एक वर्ष मोकळं. शिवाय तू हा पडदा धुवायचास. कंपाउंडमध्ये, सगळ्यांसमोर."

तेवढ्यात हिबा जिना उतरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मंजूर," ती म्हणाली. "पण अब्बा, हातानं धुवायचा. मशीनमध्ये नाय."

"पण ताहेर," सॉलसाहेबांनी विचारलं, "तूच उठलास तर?"

ताहेरभाई हसला. "मी पण माणूसच ना? मोजा मला. पण मी कशाला उठू? दुसरंच कोणीतरी उठेल बघा."

त्या हसण्यात काहीतरी शिजतंय हे मला कळलं. मी स्वतः खोडकर जात, मला खोडी लगेच ओळखू येते.

तर मित्रांनो, तो पडदा म्हणजे मी. आता जुना झालोय, दमलोय. कापडाचे तीन पट्टे जोडून शिवलेला, वर पितळी रिंगा. जन्मलो तो पडदा म्हणून नाही. पनवेलच्या एका मंडपवाल्याकडे मी साधं पांढरं कापड होतो. लग्न, बारसं, तेरावं, पुढाऱ्याची सभा, जिथे बांधतील तिथे उभा राहायचो. उन्हात उभा, वाऱ्यात उभा. कुणी कधी विचारलं नाही, बाबा, पाय दुखतात का. (मला पाय नाहीत, पण विचारायला काय जातं?)

गव्हाणला एका हळदीत नवरीची करवली नाचता नाचता धडपडली आणि तोल सावरायला तिनं माझ्यावर हात टेकला. हळदीनं भरलेला अख्खा पंजा, पाच बोटांसकट. तो काही निघाला नाही. मंडपवाल्यानं मला "डागी माल" म्हणून कोपऱ्यात फेकलं, तिथून सॉलसाहेबांनी उचललं.

मग सुकापूरच्या या गच्चीवर माझी दुसरी नोकरी सुरू झाली. इथले पिक्चर बघून पहिल्यांदा मीच चक्रावलो होतो. एकात नऊ मिनिटं नुसता पंखा उलटा फिरत होता. एकात भिंतीला ओल चढत होती, बस. आणि सगळ्या पिक्चरमध्ये, डाव्या बाजूला खाली, माझा पिवळा हात! लोकांना वाटायचं तो पिक्चरमध्येच आहे. विनायकसर म्हणून चित्रकलेचे मास्तर आहेत, पंखा त्यांचाच. पिक्चर संपल्यावर एक बाई म्हणाल्या, "सर, तो हात म्हणजे नियती ना?" सरांनी वाकून माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "बरोब्बर पकडलंत." मी पोट धरून हसलो असतो. वारा होता, तेवढा हललो.

पण हसून दिवस जातात, थकवा जात नाही. पिक्चर संपला की टाळ्या पोरांना आणि मला गोळा करून मीटररूममध्ये. घडीसुद्धा नाही, बोळा. उंदरानं एक कोपरा कुरतडला. गेल्या महिन्यात तर सोसायटीच्या मिटिंगमध्ये निघालं, याची फडकी करा, गाड्या पुसायला होतील. गाड्या! मी चेहरे बघितलेत आयुष्यभर. प्रोजेक्टरला लोकांच्या पाठी दिसतात, तोंडं फक्त मला दिसतात. कोण झोपलंय, कोण डोळे पुसतंय, सगळं.

शनिवारी मगरीबच्या नमाजानंतर अंधार पडला आणि मला बांधलं. चाळीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरच्या मालूआजी, एकट्या राहतात, गुडघे गेलेले. मागे ताहेरभाई, सारखा घड्याळात बघतोय.

आमच्याकडे पाण्याचे हाल तुम्हाला माहीतच असतील. टँकर येतो रविवारी सकाळी, शिवाचा. हॉर्न वाजला की बादल्या घेऊन पळायचं. पहिल्या दहात नाही आलात तर तळाचा गाळ. आणि या ताहेरभाईनं काय केलं असेल? शिवाला फोन करून टँकर शनिवारीच बोलावला. बरोबर पिक्चरच्या मध्यावर!

पण पठ्ठ्याचं एकच चुकलं. मुलीचा पिक्चर कशावर आहे, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

पिक्चर सुरू झाला. पहिलाच आवाज टँकरचा हॉर्न. मग पाइप, पाण्याचा फवारा, बादल्या. माणसाचं तोंड कुठेच नाही, नुसते हात. बांगड्यांचे हात, मेंदीचे हात, कडी धरून लाल झालेली बोटं. जो तो आपला हात शोधायला लागला. "ए, ती माझी निळी बादली!"

पाचव्या मिनिटाला खाली खरा हॉर्न वाजला.

ताहेरभाई सावरून बसला. आता उठतील.

कुणी हललं नाही. मालूआजी शेजारणीला म्हणाल्या, "गो, आवाज कसला घेतलाय पोरीनं! जसा काय खालीच उभा हाय!"

विनायकसर म्हणाले, "साउंडवर मेहनत दिसते."

पुन्हा हॉर्न. पुन्हा. लोक माना डोलावतायत. मी वर बांधलेला, नाहीतर लोळलो असतो. ताहेरभाईच्या खिशात फोन थरथरायला लागला. शिवाच असणार. शेवटी शिवा स्वतःच जिने चढून वर आला, चिडलेला. तोंड उघडलं तर समोर माझ्यावर त्याचाच टँकर. बोलायचं विसरून तिथेच दारात बसला.

उरलं एक मिनिट. आता फक्त ताहेरभाई स्वतः उठला असता तरच पैज त्याची. फोन त्यानं हातात घेतला, निमित्तही आयतं होतं. त्यानं खुर्चीच्या दांड्यावर हात टेकला, अर्धा वर आला.

तेव्हा माझ्यावर एक जिना दिसला. पहाटेचा. एका हातात भरलेली बादली, वर चढतेय. बोटात निळ्या खड्याची चांदीची अंगठी. अंगठ्याचं पेर नाही, पाइप कापायच्या मशिननं नेलेलं. तो अंगठा अख्ख्या सोसायटीच्या ओळखीचा. हात तिसऱ्या मजल्यावर पोचला, मालूआजींच्या दाराशी बादली ठेवली, बेल न वाजवता मागे फिरला. फिरताना बरोबर माझ्या पिवळ्या हातावरून गेला.

ताहेरभाई अर्धा उभा होता. मला त्याचं तोंड दिसत होतं, मित्रांनो, बाकी कुणाला नाही. त्यानं फोन बंद केला आणि हळूच खाली बसला.

पिक्चर संपला. मालूआजींनी मान वळवली. "ताहेर, तू व्हतास काय रं? दोन वर्सं! आणि मी दिवालीच्या करंज्या वॉचमनला दिल्या!"

मग जे हसले सगळे! हसण्यात कुणीतरी म्हणालं, "अरे शिवा, तू इथं, मग तुझ्या टँकरपाशी कोण?"

शिवा उठला. "कोन नाय! आमी कवाचा हॉर्न मारतोय, तुमी पिक्चर बघत बसलाय!"

मग कसली गच्ची आणि कसला पिक्चर. पळापळ!

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये मला अंथरलं. ज्यानं त्यानं आपल्या बादलीतून एकेक तांब्या दिला. पाण्याच्या त्या टंचाईत, माझ्यासाठी. ताहेरभाई पँट दुमडून, गुडघ्यावर, हातात कपड्यांचा साबण आणि ब्रश. सॉलसाहेब स्टुलावर पंचासारखे. "कोपरा राहिला, ताहेर."

"दिसतोय, साहेब. डोळे आहेत."

"घास, घास. करंज्या मिळतील."

साबण लागताच माझा पिवळा हात लालभडक झाला. ताहेरभाई दचकला, ब्रश थांबला. "हिबा, हा काढू काय गं? जोर लावला तर निघेल."

"राहू दे, अब्बा."

त्यानं ब्रश बाजूला ठेवला. कोपरापर्यंत फेस, सगळी सोसायटी बघतेय, आणि मान वर न करता तो म्हणाला, "क्लासवाल्याला मी फोन करतो. एक वर्ष म्हटलंय, तर एक वर्ष."

मला दोरीवर टाकलं. उन्हात लाल हात पुन्हा पिवळा व्हायला लागला. मित्रांनो, थकवा एका धुण्यानं जात नाही, शिवणी उसवल्यात त्या उसवल्यात. पण तुमच्याकडेही कुठेतरी बोळा करून टाकलेलं माझ्यासारखं कोणी असेल. त्याला काढा, ऊन दाखवा, वाळल्यावर नीट घडी घाला. आणि घरातलं पोरगं काही करत असेल, तर पैज लावण्याआधी एकदा विचारा, काय करतोयस.

नाहीतर साबण तुमच्या हातात येईल.