शुक्रवारी पाहिलेली जागा

"बुधवारीच जागा बघून येऊ," असं आमचा नीलेश म्हणाला होता. मीच नको म्हटलं. माझा शुक्रवारचा उपास. नवं काही ठरवायचं ते शुक्रवारीच, हा माझा नेम.

"आई, बुधवारी काय देव रजेवर असतो?" तो हसला, पण माझ्यासाठी थांबला.

यांच्या दम्यासाठीच बिऱ्हाड हलवायचं होतं. आमच्या गावाहून, एडवणहून, दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडायचे. म्हणून बोईसरला, दवाखान्याजवळ भाड्याची जागा.

मी नीट बघितलं हो. नळ सोडून पाहिले, भिंतींवर हात फिरवून ओल चाचपली, देवघराला पूर्वेचा कोपरा आहे ना, तेही पाहिलं. खिडकी उघडली तर इतका मोकळा वारा, की हे खुर्ची ओढून तिथेच बसले.

"इथं बरा वाटते गो. हीच घेऊ या."

एजंट प्रफुल्ल म्हणाला, "काका, हवेचं भाडं वेगळं लावत नाही मी!" आम्ही सगळे हसलो. पुढच्या शुक्रवारी राहायला आलो.

शनिवारी सकाळी देवाला फुलं वाहत होते, तोच घशात काहीतरी आंबट, जळकं उतरलं. वाटलं, शेजारी फोडणी करपली. वळून पाहते तर हे खुर्चीचा हात धरून ओणवे झालेले.

समोरची सपना धावत आली. "काकू, आधी खिडकी लावा! मागच्या कारखान्याचं आहे ते. जागा बघितलीत कधी तुम्ही?"

"शुक्रवारी."

"अहो, शुक्रवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते! कुणाला विचारलंही नाहीत?"

नाही विचारलं. नळाला विचारलं, भिंतीला विचारलं, माणसाला नाही.

तेव्हापासून खिडक्या बंद, फटींत ओले टॉवेल. उदबत्ती मी सोडली. देवापुढे नुसती फुलं. तरी महिन्यात तीनदा यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणतात, जागा बदला. नीलेश कामावरून सुटला की जागा बघत हिंडतो. जिथे हवा बरी, तिथून दवाखाना एडवणइतकाच लांब. मी जप करते, पण मन माळेवर नसतं. मीच आणलं ना यांना इथे.

काल दुपारी हे म्हणाले, "आपल्या घरी जाऊ या गो."

"आणि तिथं दम लागला तर?"

"लागंल." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "पण खिडकी उघडी असंल."

मी त्यांची पाठ चोळत राहिले. हाताखाली बरगड्या मोजता येतात आता. कुठल्या जाण्याबद्दल बोलत होते, ते मला कळलं होतं. त्यांनाही ठाऊक होतं, की मला कळलंय.

नीलेश आला तेव्हा मी त्याला एडवणला जायची गाडी सांगायला लावली. त्याने फोन करून सांगितली, मग जिन्यात जाऊन उभा राहिला, बराच वेळ.